समुद्रकाठचा पब आणि दासगावचा धक्का

डिलन टॉमसचे 'अंडर मिल्क वुड' वर्गात शिकवीत होतो. समुद्रकाठच्या एका वेल्श गावावरचे हे ध्वनिनाट्य १९५४ साली बीबीसीवरून प्रथम प्रक्षेपित झाले. त्यात 'सेलर्स आर्म्स' नावाचा पब आहे, आणि तिथले घड्याळ पन्नास वर्षे साडेअकरावर थांबलेले आहे. साडेअकरा ही पब उघडण्याची वेळ. म्हणजे हा पब सदैव नुकताच उघडतो आहे. या विनोदावर वर्ग हसला नाही. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पब म्हणजे हायवेवर असतात ते परमिट रूमच ना? मग ते उघडण्याचा एवढा आनंद कसला?"

मुलगी महाडच्या खाडीपट्ट्यातली. तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दासगाव लागते, आणि गोव्याच्या किनाऱ्याकडे धावणाऱ्या गाड्या रोज तिच्या डोळ्यांसमोरून जातात. तिचा प्रश्न भाबडा नव्हता. मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन पुढे गेलो. ते उत्तर अपुरे होते, म्हणून हा लेख.

आधी वाटले, अडचण भाषांतराची आहे. 'पब'साठी मराठी शब्द शोधू लागलो तर हाताशी येतात ते गुत्ता, दारूचा अड्डा, मद्यालय आणि बार. यांतला 'गुत्ता' विचार करण्याजोगा आहे. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. दारू विकण्याचा मक्ता ज्याने सरकारकडून घेतला, त्याच्या दुकानाला ते नाव चिकटले. 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे संक्षिप्त रूप. दोन्हीकडे वस्तू जवळपास एकच. परंतु इंग्रजी शब्दाने तिथे येऊन बसणाऱ्या लोकांची आठवण ठेवली आणि मराठी शब्दाने महसुलाची. 'परमिट रूम' ही तर या परंपरेची परिसीमा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान ही परवान्याची बाब केली, आणि तो परवाना कागदोपत्री प्रकृतीच्या रक्षणासाठी असतो. ज्या खोलीत शिरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने रुग्ण आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने गुन्हेगार, तिथे दिवे मंद आणि काचा काळ्या असणार, हे ओघाने आलेच.

काही वर्षांपूर्वी उत्तर वेल्समध्ये पोर्थ्डिन्लाएन नावाच्या चिमुकल्या वस्तीत एक दुपार घालवण्याचा योग आला होता. वाळूच्या अर्धवर्तुळाकार किनाऱ्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरे. वस्तीची मालकी १९९४ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. पाहुण्यांनी वाहने लांब ठेवून किनाऱ्याने किंवा टेकाडावरून चालत यायचे. किनाऱ्याला लागूनच 'टी कॉख' हा पब आहे. वेल्श भाषेत 'लाल घर'. ओहोटी लागली होती. पबसमोरच्या दगडी बांधावर माणसे पाय सोडून बसली होती. दोन मासेमार, एक कुत्रा घेऊन आलेले जोडपे, वाळूने माखलेली मुले, आणि फक्त चहा घेऊन बसलेली एक वृद्धा. मी आत गेलो तेव्हा मला एकच प्रश्न विचारण्यात आला : काय घेणार?

त्या दुपारचा आनंद आजही मनात ताजा आहे, आणि तो बिअरचा नव्हता, कारण ती मी अर्धीच घेतली. समुद्राचाही पूर्णपणे नव्हता. समुद्र आम्हांला नवा नाही. आनंद होता तो त्या प्रश्नाच्या एकटेपणाचा. आपल्याकडे अनोळखी माणूस कुठेही टेकला की पहिला प्रश्न येतो, "कुठले तुम्ही?", दुसरा येतो, "आडनाव काय?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपुलकी असते. तरीही त्या दोन उत्तरांतून माणसाची जागा ठरते आणि त्यानंतर त्याच्यापुढे पेला ठेवला जातो. माझ्यापुढे त्या दुपारी पेला आधी आला.

इंग्रजी साहित्यात समुद्रकाठच्या पबला आणि खाणावळवजा सरायांना जे स्थान आहे, त्याचे मर्मही मला यातच दिसते. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती सुरू होते किनाऱ्यावरच्या 'ॲडमिरल बेनबो' सरायीत. एक अनोळखी खलाशी पेटी घेऊन येतो, रम मागतो आणि राहतो. तो कोण, कुठला, हे मालकाला ठाऊक नसते. सरायीला त्याला आत घ्यावेच लागते, म्हणूनच कादंबरी घडू शकते. दार उघडे असणे ही तिथे कथानकाची पूर्वअट आहे. ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये 'द मून अंडर वॉटर' या निबंधात आपल्या आदर्श पबचे वर्णन केले आणि शेवटी कबूल केले की असा पब अस्तित्वातच नाही. त्या निबंधातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा बिअरचा नाही. मुलांना आणि काही प्रमाणात स्त्रियांना बाहेर ठेवल्यामुळे पब हे कुटुंबाने जमण्याचे ठिकाण न राहता नुसते पिण्याचे दुकान होते, अशी त्याची तक्रार आहे. थोडक्यात, पबचा गुत्ता होतो तो दारूने नव्हे, वगळण्याने.

मराठीत याचे समांतर उदाहरण शोधले तर हटकून गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आठवते. ते गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात मद्यपींची एक मंडळी आहे, आर्यमदिरामंडळ. नावातच उपहास आहे. त्या काळच्या सभा, मंडळे आणि सुधारणेच्या भाषेचे ते विडंबन. सुधाकराचा नाश आणि सिंधूचे हाल पाहिलेल्या मराठी मनाला मद्य आणि माणसांचे एकत्र येणे यांचा संबंध त्यानंतर विनोदाने किंवा शोकाने जोडता आला. सहजपणे कधी जोडता आला नाही. नाटक थोर आहे, आणि त्यातले दुःख खोटे नाही. पण त्या दुःखामागे एक इतिहासही आहे. कोकणच्या किनाऱ्यावर माडी होती, ती काढणारा भंडारी समाज होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि झाडांवरील वाढत्या करांनी हा व्यवसाय सरकारी मुठीत गेला. समुद्रकाठी नारळीच्या सावलीत बसून घेण्याचे एक साधे पेय महसुलाचे कलम झाले.

इंग्रज स्वतः पबच्या देशातून आले होते. इथे येताना मात्र त्यांनी पब आणला नाही. आणला तो क्लब. मुंबईच्या यॉट क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते, आणि हिंदी व युरोपीय दोघांनाही प्रवेश असलेला विलिंग्डन क्लब निघायला पहिल्या महायुद्धाचा अखेरचा काळ यावा लागला. आपल्या देशात ज्या संस्थेच्या नावात 'पब्लिक' आहे ती त्यांनी मागे ठेवली, आणि जिच्या दाराशी यादी असते ती सोबत घेतली. आपल्या शिष्ट समाजानेही पुढे अनुकरण केले ते क्लबचेच.

आता त्या मुलीच्या गावाकडे येतो. दासगाव समुद्रावर नाही. पण सावित्रीच्या खाडीने समुद्र दासगावापर्यंत येतो. बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामध्ये सावित्री अरबी समुद्राला मिळते, आणि भरतीचे पाणी तिथून आत महाडच्या दिशेने चढते. १७५६ मध्ये बाणकोट इंग्रजांकडे गेले, त्याचे त्यांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' केले. त्यानंतर काही वर्षांनी, १७७० च्या सुमारास, जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा नोकर खाडीने दासगावला येऊन गेला आणि 'ओरिएंटल मेमॉयर्स'मध्ये त्याविषयी लिहून गेला. रस्ते झाले नव्हते तोवर मुंबई आणि महाड यांना जोडणारे बंदर हेच. धक्का असला की थांबणे आले, आणि थांबणे आले की काहीतरी पिणे आले. आपल्याकडे ते पेय बहुतेक वेळा चहा किंवा पाणी. म्हणून समुद्रकाठच्या पबचे खरे मराठी रूप शोधायचे असेल तर ते दारूच्या दुकानात शोधू नये. पाणवठ्यावर आणि चहाच्या हॉटेलात शोधावे. आणि तिथे शोधू लागलो की प्रश्न लगेच अवघड होतो : त्या बाकावर बसू कोणाला दिले जात होते?

कॉ. रामचंद्र बाबाजी मोरे यांचे बालपण आणि प्राथमिक शिक्षण दासगावचे. महाडच्या बाजारात लाकूडफाटा आणि इतर माल घेऊन येणाऱ्या अस्पृश्य स्त्रीपुरुषांना दिवसभर घोटभर पाणी मिळत नसे. त्यांच्यासाठी महाडात चहाचे दुकान निघावे यामागे मोऱ्यांची खटपट होती. ते दुकान निघाले आणि बघता बघता गावोगावची माणसे भेटण्याचे, पत्रे वाचण्याचे, सभा ठरवण्याचे ठिकाण झाले. पुढे मार्च १९२७ च्या महाड परिषदेचे एक प्रमुख संघटक मोरेच होते. 'पब्लिक हाउस' या शब्दाचा जो अर्थ कोशात दिलेला नाही आणि असायला हवा, तो मला या चहाच्या दुकानात सापडतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी इथे आणखी एक दुवा आहे. किपलिंगची 'टॉमी' ही कविता १८९२ च्या 'बॅरॅक-रूम बॅलड्स' या संग्रहात आहे. तिची सुरुवात पबमध्ये होते. गणवेशातला साधा शिपाई बिअर मागायला जातो आणि मालक त्याला घालवून देतो. युद्धात हवा असलेला माणूस शांततेच्या दिवसांत बाकावर नको असतो, ही त्या कवितेतली जखम. याच सुमारास महार शिपायांची सैन्यभरती बंद झाली. महाड तालुक्यातले रावढूळ हे ज्यांचे गाव, ते पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर १८९४ मध्ये 'विनंतिपत्र' लिहून सरकारकडे दाद मागत होते. वर्गात आपण 'टॉमी' शिकवतो, त्यावर टीपा देतो. ज्या फौजेत टॉमी होता तिच्यातूनच निवृत्त होऊन या खाडीच्या आसपासच्या गावांत परतलेल्या, आणि स्वतःच्याच तालुक्याच्या तळ्यावर ओंजळ भरू न शकलेल्या माणसांची टीप मात्र देत नाही. किपलिंगच्या शिपायाला निदान दुसऱ्या पबकडे जाता येत होते.

त्या तळ्याचा इतिहास सर्वपरिचित आहे. इथे हवे तेवढेच सांगतो. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मांडला. बोले भंडारी समाजाचे पुढारी होते. ज्या समाजाची माडी कायद्याने मक्त्यात गेली, त्याच समाजातल्या माणसाने पाणी खुले करण्याचा ठराव आणला, हा योगायोग मला लक्षणीय वाटतो. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि त्या दिवशी त्यांना मार खावा लागला. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेसाठी धरमतरकडून मोटारीने येण्याचा रस्ता टाळून आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी दासगावच्या धक्क्यावर उतरले. तिथे सत्याग्रही वाट पाहत होते, पोलीस अधिकारीही होते. तिथून ते सारे महाडपर्यंत पायी गेले. मनुस्मृतीचे दहन त्याच दिवशीचे. तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. 'सार्वजनिक' हा शब्द मराठीत त्यापूर्वीच रुळला होता. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. पण शब्द रुळणे आणि त्याचा अर्थ खरा होणे यांत दासगाव ते महाड एवढी पायपीट होती.

आता कोणी म्हणेल, म्हणजे इंग्रजांचा पब उदार आणि आपण संकुचित, हेच पुन्हा. तसे म्हणण्याचा माझा हेतू नाही, कारण पबचा इतिहासही स्वच्छ नाही. व्हिक्टोरियन पबमध्ये मजुरांचा 'पब्लिक बार' वेगळा आणि बऱ्या स्थितीतल्यांचा 'सलून बार' वेगळा असे, मध्ये लाकडी आडोसा. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक गावी गेले, आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल त्यांना 'ब्लू गेट्स' या पबमध्ये घेऊन गेले. गोऱ्यांसाठी राखलेल्या खोलीत त्यांना पेय मिळाले नाही; 'पब्लिक बार'कडे जा असे सांगण्यात आले. तिथे विचारण्याची गरजही पडली नाही, कातडीच उत्तर देत होती. त्याच वर्षीच्या रेस रिलेशन्स ॲक्टने सार्वजनिक ठिकाणी असा भेद करणे बेकायदा ठरवले. आज स्मेथिक आणि परिसरात पंजाबी मालकांचे 'देसी पब' प्रसिद्ध आहेत. स्त्रियांची कथा याहून उशिराची. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील 'एल विनो' या बारमध्ये काउंटरपाशी उभ्या राहिलेल्या स्त्रियांना पेय दिले जात नसे; हा भेद बेकायदा असल्याचा निकाल अपील न्यायालयाने १९८२ मध्ये दिला.

त्या वेल्श दुपारी मला जो एकच प्रश्न विचारला गेला, त्यामागे असे झगडे होते. ती त्या मातीतली उपजत सौजन्यशीलता नव्हती. माझ्यापूर्वी कोणीतरी दारात उभे राहून अपमान सोसला होता, म्हणून मला बांधावर पाय सोडून बसता आले. पबच्या आनंदाविषयी लिहिणारे बहुतेक लेखक हे सांगत नाहीत. ते लाकडी तुळया, शेगोटी आणि पितळी नळ यांविषयी लिहितात. आनंदाचे श्रेय सजावटीला दिले की अनुकरणही सजावटीचेच होते.

हे आज सांगण्याचे कारण आहे. २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कोकणातील निवडक किनाऱ्यांवर शॅक उभारण्याच्या धोरणाला मान्यता दिली आणि त्यात स्थानिकांना प्राधान्य देण्याचे ठरवले. शहरांत तर तुळया, फळे आणि डार्ट बोर्ड यांसह 'अस्सल ब्रिटिश पब' म्हणवणाऱ्या जागा केव्हाच निघाल्या आहेत. किनाऱ्यावर बसण्याच्या जागा व्हाव्यात असे मलाही मनापासून वाटते. त्यांची परीक्षा मात्र एकाच गोष्टीने व्हावी : सकाळी मासळी विकलेली बाई संध्याकाळी तिथे येऊन, एक चहा घेऊन, नातवाला वाळूत खेळायला सोडून तासभर बसू शकेल का? तिला कोणी उठवणार नसेल, तर त्या जागेला हवे ते नाव द्या. उठवणार असेल, तर तो कितीही सुंदर असला तरी क्लबच; समुद्र फक्त त्याच्या खिडकीत लावलेला आहे.

एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत स्त्रियांनी मतदान करून, 'आडवी बाटली'ला कौल देऊन दारूची दुकाने बंद पाडली आहेत. ज्या घरात संध्याकाळ भीतीची असते, तिथे पबच्या आनंदावरचा निबंध हा चेष्टेचा विषय होईल. मी त्या स्त्रियांच्या बाजूचा आहे. पण त्यांनी कोणते दुकान बंद पाडले हेही पाहावे. तिथे त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती, मुलांसाठी अंगण नव्हते, उजेड नव्हता. तिथे पुरुष घरापासून लपायला जात होते. ऑर्वेलची तक्रार आणि त्या स्त्रियांचे मत यांत मला विरोध दिसत नाही. दोघेही अंधाऱ्या, एकलिंगी खोलीविरुद्धच बोलत आहेत. एकाने निबंध लिहिला आणि दुसरीने मत दिले. मद्य हा उघड्या दाराचा अपरिहार्य भाग आहे असे मी मानत नाही. उघडे दार मात्र अपरिहार्य आहे.

पुढच्या तासाला त्या विद्यार्थिनीला मी एवढेच सांगितले : "पबला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. पण त्या घड्याळाचा आनंद कळायचा असेल तर परमिट रूम डोळ्यांपुढे आणू नकोस. दासगावचा धक्का आण." वर्गाला दासगाव माहीत होते. धक्क्यावर १९२७ साली कोण उतरले हे तिघाचौघांना माहीत होते. या दोन गोष्टी त्यांनी आजवर वेगवेगळ्या तासांना ऐकल्या होत्या, एक इतिहासाच्या आणि एक इंग्रजीच्या. त्या एका तासाला शिकवण्याची जबाबदारी आपली, शिक्षकांची आहे. साडेअकरावर थांबलेले घड्याळ ज्यांना दार उघडण्याची वाट पाहावी लागली त्यांनाच नीट वाचता येईल, आणि असे वाचक आपल्या वर्गात भरपूर आहेत.